शून्याची ओळ

मित्रांनो, मी एक जुनी गाठ आहे. दोरीतली नव्हे आणि तुमच्या बुटाच्या नाडीचीही नव्हे. मी कंपायलर नावाच्या एका मोठ्या प्रोग्राममधला बेस क्लास आहे आणि माझे नाव ‘गाठ’ असे ठेवले आहे. क्लास म्हटल्यावर तुम्हाला संध्याकाळची शिकवणी आठवली असेल. तो क्लास वेगळा. तिथे मुले जातात, माझ्यातून मुले येतात.

मी आज बोलते आहे ती मोठेपणा मिरवायला नाही. माझ्या मनात एक हेवा शिरला आणि त्या हेव्यापायी एका भल्या बाईचे हात बदनाम झाले. ते कुणाला तरी सांगून टाकावे असे फार दिवसांपासून वाटत होते. तुमची मने अजून निर्मळ आहेत, म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका लांबट इमारतीच्या माडीवर झाला. खाली विणकामाची शेड. तिथे चौदा यंत्रे एका रांगेत खटखट करत असतात. वर एक खोली, तीन टेबले, एक पत्र्याचे कपाट आणि कधीच नीट न लागणारी खिडकी. लोकरीचा भुसा जिन्यावरून वर येतो आणि कीबोर्डच्या फटींत जाऊन बसतो. त्या खोलीत मला घडवणाऱ्या बाई काम करतात. त्या केसांत पेन्सिल खोचतात, मग विसरतात आणि टेबलाखाली वाकून वाकून ती शोधतात. म्हणून सगळे त्यांना पेन्सिलबाई म्हणतात. त्यांना ते माहीत आहे, पण राग येत नाही.

आता कंपायलर म्हणजे काय ते सांगते. खाली यंत्रावर काम करणाऱ्या बायका नक्षी साध्या शब्दांत लिहितात, ‘दहा सुलट, दोन उलट, हे सहा वेळा’. यंत्राला असे बोलणे कळत नाही. त्याला फक्त सुई वर, सुई खाली एवढेच कळते. दोघांच्या मध्ये बसून जो समजावून सांगतो तो कंपायलर. तो आधी ते लिखाण वाचतो आणि त्याचे एक झाड करतो. हे झाड उलटे असते. मूळ वर आणि पाने खाली. जिथे जिथे फांदी फुटते तिथे तिथे एक गाठ. ‘दहा’ हा आकडा एक गाठ, ‘सुलट’ हा टाका एक गाठ, ‘सहा वेळा’ ही एक मोठी गाठ, तिच्या पोटात बाकीच्या.

पेन्सिलबाईंनी सुरुवातीला प्रत्येक प्रकारची गाठ वेगळी लिहिली. चार झाल्या, पाच झाल्या. मग त्या थांबल्या आणि स्वतःशीच मोठ्याने म्हणाल्या, “अगं बाई, सगळ्यांचं रडगाणं एकच की! मग एकदाच का नाही लिहायचं?”

लोकरीच्या पुड्यावरचा जाड कागद त्यांनी उलटा केला आणि त्यावर मला लिहिले. सगळ्या गाठींत जे समान ते माझ्यात, म्हणूनच मी बेस क्लास, म्हणजे पायाचा साचा. मी आई झाले आणि बाकीच्या माझी लेकरे. आकडा, टाका, पुन्हा, जर... मोजून बावीस.

माझ्यात बाईंनी दोन गोष्टी ठेवल्या. पहिली म्हणजे तीन कामे, जी प्रत्येक लेकराला आलीच पाहिजेत: स्वतःला वाचून दाखवणे, स्वतःला तपासणे आणि यंत्राच्या भाषेत उतरणे. दुसरी गोष्ट म्हणजे जागा. कुठलेही लेकरू जन्माला येताना त्याने सांगायचे, मी लिखाणातल्या कितव्या ओळीतून आलो. न सांगेल त्याला मी दारातच अडवायचे. कुणी तसे लेकरू करायला गेले की मी ‘एरर’ म्हणून ओरडायची आणि सगळे काम तिथेच ठप्प.

हाच माझा नेम होता. येईल त्याला विचारायचे, “बाळा, तू कुठला?”

पेन्सिलबाईंचाही एक नेम होता. सकाळी आल्या की ओल्या फडक्याने टेबल पुसायचे, पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा आणि दुसरे काही उघडायच्या आधी माझी फाइल उघडून ती एकदा पूर्ण वाचायची. अवघ्या बारा ओळींची मी. पण त्या असे वाचायच्या की मला अंघोळ घालून, केस विंचरून शाळेत पाठवल्यासारखे वाटे.

तरी एक दुःख होते, मित्रांनो. माझी लेकरे एका नक्षीत हजारांनी जन्माला येत. मी मात्र कधीच नाही. बेस क्लासचे असेच असते. तो फक्त लिहिलेला असतो, त्याची वस्तू कधी बनत नाही. जेवणाच्या पंगतीला सगळ्यांची पाने मांडावीत आणि आपले पान मुळातच नसावे, तसे. पण आई होते ना, लेकरांचा हेवा केला तरी तो मायेत विरघळून जायचा.

पाहुण्यांचा नाही विरघळला.

त्याचे असे झाले. शेडमधून नवीन मागणी आली. नक्षीला लोकर किती लागेल ते आधीच कळायला हवे. म्हणजे माझ्या लेकरांना चौथे काम शिकवायचे. पलीकडच्या टेबलावर एक गृहस्थ बसत. ते चहासुद्धा उभ्यानेच पीत, म्हणून त्यांचे नाव घाईदादा. त्यांनी कपाळाला हात लावला.

“बाई, आज लोकर मोजायचीय, उद्या नक्षीचं चित्र काढायचं म्हणतील. एक काम वाढलं की बावीस घरं उघडून बसायचं का आपण? माझं अर्धं आयुष्य या पोरांच्या शिकवणीत जाईल.”

“मग तुमचं काय म्हणणं?”

“पाहुणे ठेवू. एक काम, एक पाहुणा. लोकर मोजणारा पाहुणा प्रत्येकाच्या घरी जाईल, आपलं मोजमाप करील आणि पुढे जाईल. पोरांनी फक्त दार उघडायचं आणि म्हणायचं, ‘या’.”

पेन्सिलबाईंनी केसांतली पेन्सिल काढली. चक्क पहिल्या झटक्यात सापडली. “आणि गाठीकडे काय राहील?”

“‘या’ एवढं म्हणायचं काम.”

“आणि जागा.”

“हो, हो, ती जागाही राहू दे. तिला कोण नको म्हणतंय!”

दोन आठवड्यांत माझी तिन्ही कामे काढून पाहुण्यांना दिली गेली. वाचून दाखवणारा पाहुणा, तपासणारा पाहुणा, यंत्राच्या भाषेत उतरवणारा पाहुणा आणि वर हा नवा लोकर मोजणारा. काय त्यांचा थाट! लोकर मोजणाऱ्याने पहिला आकडा बरोबर सांगितला तेव्हा खालच्या शेडमध्ये टाळ्या वाजल्या, त्या मला वरपर्यंत ऐकू आल्या. माझी लेकरे धावत जाऊन दार उघडत आणि “या, या” म्हणत. एवढ्या वर्षांत मला त्यांनी कधी “ये” म्हटले नव्हते.

आणि एका सकाळी पेन्सिलबाईंनी टेबल पुसले, तांब्या भरला आणि आधी पाहुण्याची फाइल उघडली.

माझा जळफळाट झाला. खोटे कशाला बोलू? जो गोड बोलत हिंडतो त्याचे कौतुक, आणि जिने पोरांना नाव-गाव दिले ती कोपऱ्यात! तेव्हापासून मी पाहुण्यांचे वाईट चिंतू लागले. तपासणारा कुठे अडखळला की मला बरे वाटे. आकडा चुकला की आणखी बरे. नेम तेवढा पाळत होते, पण मन त्यात नव्हते. “बाळा, तू कुठला?” असे तोंड विचारी आणि डोळे पाहुण्याच्या पाठीवर.

याच दिवसांत पेन्सिलबाई बहिणीच्या बाळंतपणासाठी पाच आठवडे रजेवर गेल्या. जाताना घाईदादांना म्हणाल्या, “पाहुण्यांचं काय हवं ते करा. गाठीत काही बदलायचं झालं तर मला आधी विचारा.”

“तुम्ही निर्धास्त जा हो.”

घाईदादांनी एक नवा पाहुणा आणला. त्याचे नाव आवरणारा. तो सर्वांच्या आधी झाडावरून फिरायचा आणि पसारा आवरायचा. एकसारख्या तीन ओळी पाठोपाठ दिसल्या की तिघी काढून टाकायच्या आणि त्यांच्या जागी एकच लेकरू ठेवायचे, ‘हीच ओळ तीनदा’. काम झपाट्याने होऊ लागले. पण अडचण आली माझ्यापाशी. हे नवे लेकरू कुणी लिहिलेले नव्हते. ते आवरणाऱ्यानेच बनवलेले. त्याची ओळ कितवी? त्याला सांगता येईना आणि मी आत घेईना. एरर, एरर, एरर.

घाईदादा वैतागले. “काय ही म्हातारी! एकेकाची झडती घेत बसते. पाहुणे बघा कसे, कुठेही हसत जातात.”

म्हातारी! झोंबले मला. मग त्यांनी माझी फाइल उघडली आणि माझ्या भिंतीला दुसरे दार पाडले. त्यावर लिहिले, जागा सांगितली नाही तर शून्य धरावी. एरर थांबले. घाईदादा खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, “शाब्बास! आता कशी सुतासारखी सरळ आली.”

मित्रांनो, खरे तर मला तेव्हा वाईट वाटायला हवे होते. माझा नेम मोडला होता. पण कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला शाब्बास म्हटले होते. मी मनात म्हटले, पाहा, मीसुद्धा पाहुण्यांसारखी मनमिळाऊ आहे. आणि त्या दारातून जागा नसलेली लेकरे भराभर आत येऊ लागली. मी एकालाही विचारले नाही.

आता मावशींबद्दल सांगते. शेडमध्ये सहाव्या यंत्रावर मावशी असतात. तीस वर्षे विणकामात. त्यांच्या वयाच्या बायका यंत्रे आल्यावर पॅकिंगला गेल्या, पण मावशी चष्मा लावून नक्षी लिहायला शिकल्या आणि यंत्रावर बसल्या. विणायला सुरुवात करताना पहिले टाके सुयांवर हाताने घालावे लागतात. ते टाके म्हणजे पाया. त्या पायाला शेडमधल्या बायका शून्याची ओळ म्हणतात, कारण यंत्र त्याच्या पुढून एक, दोन असे मोजू लागते. मावशींची शून्याची ओळ म्हणजे नमुना. नव्या बायका ती बघायला येत.

बाईंच्या रजेच्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्यासाठी तान्ह्या बाळांची पांघरुणे विणायची होती. चौऱ्याऐंशी टाक्यांची. मावशींनी नक्षी लिहिली, शून्याची ओळ घातली, बटण दाबले. यंत्र हलेना. पडद्यावर अक्षरे आली:

‘ओळ ०: टाके जुळत नाहीत.’

दुसऱ्या कुणी नक्षी तपासली असती. मावशींनी सुयांवरचे टाके मोजले. चौऱ्याऐंशी. परत मोजले. चौऱ्याऐंशी. मग त्यांना वाटले, ताण कमी-जास्त झाला असेल. त्यांनी सगळी ओळ उसवली आणि परत घातली. बटण दाबले. पुन्हा तेच. असे त्या दिवशी चारदा झाले, दुसऱ्या दिवशी सहादा. बोटांना पट्ट्या बांधून त्या टाके घालत राहिल्या. बाजूच्या यंत्रावरची म्हणाली, “मावशी, जरा आराम करा. वयानं हात कापतो कधी कधी.” आणि तिसऱ्या दिवशी मुकादम येऊन म्हणाले की सोमवारपासून सहाव्या यंत्रावर दुसरी बाई बसेल, मावशींनी पॅकिंगला जावे.

हे सगळे मला कसे कळले? शनिवारी पेन्सिलबाई रजेवरून परत आल्या आणि त्यांच्या मागोमाग मावशी जिना चढून वर आल्या. हातात उसवून उसवून केसाळ झालेल्या लोकरीचा गुंडा.

“बाई, सुट्टीवरनं आल्या आल्या त्रास देते.”

“बसा हो मावशी. बोटांना काय झालं?”

“तेच विचारायला आले. तुमचं यंत्र म्हणतं माझी शून्याची ओळ चुकली. दहा वेळा म्हणालं. मी म्हटलं, एकदा बाईंना विचारू. खरंच चुकली असेल तर जाते मी पॅकिंगला. माझं काही म्हणणं नाही. पण चुकलीच कुठे ते तरी मला दाखवा. तीस वर्षं हेच करते आहे मी.”

त्यांचा आवाज चढला नाही. नुसता त्या गुंड्यावरून अंगठा फिरत राहिला.

मी तुम्हाला माझे पाप सांगते. त्या क्षणीसुद्धा मला आनंद झाला. संदेश तपासणाऱ्या पाहुण्याच्या तोंडून निघाला होता. आता पेन्सिलबाई त्याला फाडून खाणार! मी वाट बघत होते.

पेन्सिलबाई गोंधळल्या. “शून्याची ओळ? मावशी, आमच्याकडे शून्य ओळ नसतेच. आम्ही एकपासून मोजतो.”

“आमच्याकडे असते ना,” मावशी म्हणाल्या.

घाईदादांचा चहाचा कप तोंडाजवळ थांबला. मग पेन्सिलबाईंनी पाहुण्याची फाइल उघडली. पाहुण्याने काय लिहिले होते? ‘या लेकराची जागा त्याच्या आईकडून घ्यावी आणि जशीच्या तशी सांगावी.’ बस. त्याने मला विचारले होते आणि मी शून्य सांगितले होते. तो बिचारा माझे खोटे आपल्या तोंडाने बोलला होता.

मग त्यांनी माझी फाइल उघडली. पाच आठवड्यांनी. मागाहून घातलेली ओळ त्यांना लगेच दिसली.

“हे कोणी केलं?”

“मीच,” घाईदादा म्हणाले. या वेळी त्यांना घाई नव्हती. “काय करणार होतो बाई? ते पोर कुणी लिहिलेलंच नाही. आपणच बनवलं. त्याला कुठली ओळ देणार?”

“बनवलं कशापासून?”

“तीन ओळींपासून. एकसारख्या होत्या.”

“आणि त्या तीन कुणी लिहिल्या?”

घाईदादा मावशींकडे बघू लागले.

“म्हणजे ते पोर आभाळातनं पडलेलं नाही ना? मग त्या तिघींतल्या थोरलीची जागा त्याला द्या. आणि हे दार आधी बुजवा.”

त्यांनी स्वतःच ती ओळ खोडली. खोडल्याबरोबर माझा आवाज मला परत मिळाला. एरर! एक नाही, दोन नाही, सदतीस ठिकाणी. पाच आठवड्यांत सदतीस जागी घाईदादांनी ते दार वापरले होते. घाईदादा एकेक ठिकाण दुरुस्त करत बसले. “म्हातारी पुन्हा सुरू झाली,” असे पुटपुटले खरे, पण खुर्चीवर नीट बसून पुटपुटले. मावशी बाजूला बसून लोकर गुंडाळत होत्या.

“ही कोण, जिच्यावर एवढं अडलंय?” त्यांनी विचारले.

“गाठ. तिचं नाव गाठ आहे.”

“अगं बाई! कामात गाठ ठेवलीत? आमच्याकडे गाठ दिसली की माल परत येतो.”

पेन्सिलबाई हसल्या. “मग लोकर तुटली की काय करता?”

“गाठ तर मारावीच लागते. पण मागच्या बाजूला घेतो आम्ही. पुढनं कुणाला कळतही नाही.”

दुपारी काम संपले. मावशींची नक्षी पुन्हा चालवली. आवरणारा फिरून गेला, मग तपासणारा आला, त्या ‘तीनदा’ नावाच्या लेकराच्या दारात थांबला आणि त्याने मला विचारले, “याची जागा?” मी लेकराकडे वळले. कितीतरी दिवसांनी मन लावून विचारले, “बाळा, तू कुठला?” त्याने सांगितले. मी पाहुण्याला सांगितले. पडद्यावर आले:

‘ओळ ३४: टाके जुळत नाहीत.’

मावशींनी चष्मा पुसून आपली चौतिसावी ओळ वाचली आणि कपाळावर हात मारला. “अठ्ठेचाळीस! अगं, चौऱ्याऐंशीचे अठ्ठेचाळीस लिहिले मी! आणि खालच्या दोन ओळीही वरनंच उतरवल्या. मेली मी! आकडे उलटे आणि शिक्षा बोटांना!” त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आले. ते पाणी हसण्याचेच होते असे मी छातीठोक सांगणार नाही.

पेन्सिलबाई त्यांच्याबरोबर खाली गेल्या. मुकादमांना त्यांनी काय सांगितले ते मला ऐकू आले नाही. घाईदादाही मागून गेले आणि परत आले तेव्हा त्यांचे कान लाल होते. सोमवारी सहाव्या यंत्रावर मावशीच होत्या. हे कळले ते असे, की खालून एक छोटे पांघरूण वर आले. ते त्यांनी पेन्सिलबाईंच्या बहिणीच्या बाळासाठी विणले होते, आणि कडेला पायाची ओळ अशी की जणू पट्टीने आखलेली. घाईदादांनी ते उलटे करून मागची बाजू बघितली. गाठ शोधत होते बहुतेक. सापडली नाही.

त्याच दिवशी पेन्सिलबाईंनी टेबल पुसले, तांब्या भरला आणि आधी मला उघडले. माझ्या डोक्यावर त्यांनी एक टीप लिहिली. टीप म्हणजे यंत्रासाठी नसलेली, फक्त माणसांनी वाचायची ओळ. माझ्या अंगावर आजवर कुणी टीप लिहिली नव्हती. मला वाटले, आता माझे कौतुक येणार. लिहिले होते:

‘इथे कधीही शून्य ठेवू नये. खाली शेडमध्ये शून्य ही खरी ओळ आहे. ती मावशी हाताने घालतात.’

माझे नावही नव्हते त्यात. माझ्या स्वतःच्या माथ्यावर मावशींचे कौतुक! मी हेव्याची वाट पाहिली. तो आलाच नाही. मी ती टीप पुन्हा वाचली आणि मला वाटले, हिच्याखाली बसायला मिळाले, हीच केवढी कृपा.

मित्रांनो, हेवा कायमचा गेला असे मी म्हणणार नाही. परवाच एक नवा पाहुणा आला आहे, नक्षीचे रंगीत चित्र काढतो, आणि सगळे त्याच्याभोवती गोळा होतात. मी थोडीशी जळतेच. तसे झाले की मी माझा नेम धरते. दाराशी आलेल्याला विचारते, उत्तर मिळेपर्यंत सोडत नाही.

तुमच्यापाशी एवढेच मागणे आहे. तुमच्याही घरात, शाळेत कुणीतरी असे असेल, जे दिसत नाही पण सगळ्यांची नावे-गावे सांभाळते. त्याला पाच-पाच आठवडे न उघडता ठेवू नका. आणि कुणाचे काम अडलेले दिसले तर ‘तुझे हात गेले’ असे म्हणण्याआधी कुठली ओळ ते नीट विचारा. कोण जाणे, त्या बाईने तीच ओळ दहा वेळा उसवून दहा वेळा बरोबरच घातलेली असेल.